तीन आणि चार

त्या आगीला कुणी हात लावू शकत नाही म्हणतात.
मी लावते. म्हणजे माझी सुई लावते,
टंगस्टनची, तांदळाच्या दाण्याएवढी,
लांब दांड्याच्या टोकाशी, पांढऱ्या डोक्यात बसवलेली.
आत जाते, सेकंदाचा दहावा हिस्सा थांबते, मागे येते.
जास्त थांबली तर सुईचाच प्लाझ्मा होतो
आणि मग आपण स्वतःलाच मोजत बसतो.

शितावरून भाताची परीक्षा, एवढंच माझं शास्त्र.
फक्त हे भांडं उघडायचं नसतं
आणि शीत बोटाला लागायच्या आत बोट काढून घ्यायचं असतं.

बाहेर चुंबकांची वेटोळी, ओला टॉवेल पिळावा तशी,
त्यांच्यात अवकाशाहून कडक थंडी.
आत सूर्याला लाजवेल असं काहीतरी.
मध्ये हातभर जागा.
एवढं बांधूनही उष्णता सुटतेच,
भोकातून नव्हे, खळबळीतून:
भोवरे, भोवऱ्यांच्या पोटात भोवरे,
दूध उतू जाण्याआधी कडेला जे सुरू होतं ते, न संपता.
किती सुटते, कुठून, कोणत्या दिशेनं,
टियार्कला तेवढंच हवं असतं.

म्हणून दोन सुया. मध्ये तीन मिलिमीटर.
एकच लाट आधी तीन नंबरला धक्का देते, मग चारला.
मधले मायक्रोसेकंद मोजले की तिचा वेग कळतो,
आणि तोंड कुठे ते.
बाकी गोंगाट. सेकंदाला वीस लाख आकडे गोंगाट,
त्यात एक उसासा दोनदा ऐकू येतो,
तेवढा आपला.

फेब्रुवारीत तीन आठवडे सगळं जुळत होतं.
गणितानं सांगितलं होतं तसंच: तीन, मग चार.
टियार्कनं खसखशीचा केक आणला,
प्राध्यापकीणबाई स्वतः खाली आल्या, दोन तुकडे खाल्ले.
जुळणाऱ्या गोष्टीच्या तारा कुणी तपासत नाही.

गुरुवारी रात्री चुंबकांचा प्रवाह उतरवल्यावर
मी डोकं बदलायला आत गेले.
कडेला काजळी, एक सुई अर्धी झिजलेली.
प्लग उपसला.
निळ्या टेपवर माझंच अक्षर: तीन.
आणि तार चारच्या खाचेत.

उकिडवी बसून राहिले.
हेल्मेटच्या आत कान तापलेले. पंप घरघरत होते.
हे कुणाला दिसलं नसतं.
नव्या डोक्याला तारा नीट लावल्या असत्या
तर फार तर म्हणाले असते, प्लाझ्माचा मूड बदलला,
आणि त्यावर एखादा निबंधही निघाला असता.

कंट्रोल रूममध्ये टियार्क सफरचंद खात होता.
म्हटलं, तीन म्हणजे चार आहे.
त्यानं चावणं थांबवलं. बराच वेळ.
‘कधीपासून?’
‘पहिल्या शॉटपासून.’
‘म्हणजे लाट उलटी जाते.’
‘लाट जाते तशीच जाते. आपण उलटे.’
तो हसला नाही.
वहीत लिहिलं, पेननं, तारीख घालून,
तारांची अदलाबदल आढळली, एवढंच, कुणाचं नाव न घालता.
मी पेन घेतलं.
आढळवणारी: व्हीब्के लोरेंत्सेन.
लावणारीही तीच.

पहाटे सायकलवरून घरी.
ईशान्येचा वारा समुद्राला ग्राइफ्सवाल्डमध्ये ढकलत होता,
रिक नदी उगमाकडे निघालेली,
बर्फाचे पापुद्रे पुलाखालून मागे मागे.
धक्क्यावर हेरिंगवाला म्हातारा
क्षणभर पाण्याकडे बघत उभा राहिला,
मग होडीचा दोर सोडला
आणि दुसऱ्या बाजूच्या खुंटाला बांधला.

माझ्या नखांत अजून काजळी होती.
केकचे पैसे मी देईन म्हटलं होतं, टियार्क नको म्हणाला.
सोमवारी पुन्हा शॉट एक.
आधी कोण, मग कोण.